तेहरानमधली शाखा

सकाळी साडेदहाला निवेदिता आगाशे तेहरानच्या एका रस्त्यावर थबकली. व्यापारनिर्बंध असलेल्या या देशात आपल्या वडापावच्या साखळीची शाखा निघेल का, हे पाहायला वडिलांनी तिला पुण्याहून पाठवलं होतं. समोर त्यांच्याच दुकानाची पाटी होती.

आत भिंतीवर वडिलांचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. तासाभरापूर्वीच ती त्यांच्याशी फोनवर बोलली होती.

"हे माझे वडील आहेत, जिवंत आहेत. हा हार कशाला घातलात?"

"पुण्यात शिकायला होतो ना, ताई. तिथे प्रत्येक दुकानात मालकांच्या फोटोला हार असायचा," दुकानदार फरहाद मराठीत म्हणाला. "मी रीतसर शाखा मागितली होती. निर्बंधांमुळे बँकेनं पैसे परत पाठवले. मग तशीच उघडली. नऊ वर्षं झाली." त्यानं प्लेटमध्ये वडापाव आणि चटणी वाढली. "बंद करायला लावणार का?"

तिनं वडिलांना फोन लावून सगळं सांगितलं, हारासकट.

ते म्हणाले, "आधी तो हार काढायला सांग. आणि चटणी कशी आहे?"

फरहादनं प्लेट पुढे सरकवली आहे. निवेदितानं अजून घास घेतलेला नाही.