चोविसावं फिलिंग

"आमची सूनबाई दातांची डॉक्टर. सगळ्या जगाचे दात नीट करते, पण घरात वेळेवर दोन घास मिळतील तर शपथ! उपाशी ठेवते हो आम्हाला," असं सासूबाई बारा वर्षं येईल-जाईल त्याला सांगत होत्या.

त्या रविवारी सुनेनं हा बट्टा पुसायचाच असं ठरवलं. दोन्ही नणंदांना मुद्दाम जेवायला बोलावलं आणि पास्त्याच्या जाड नळ्यांमध्ये चीज भरायला घेतलं. चमच्यानं नळ्या फाटायला लागल्या, तेव्हा दवाखान्यातून फिलिंग भरायची कोरी करकरीत अवजारं आणून उकळून घेतली. मग काय, हात सराईतच! चोवीस नळ्या ठासून भरल्या, एकीतही हवेचा बुडबुडा नाही. वर सॉस, त्यावर पुन्हा चीज, आणि ट्रे ओव्हनमध्ये.

नुसत्या वासानंच नणंदा ताटं घेऊन बसल्या. पहिला मान अर्थातच सासूबाईंचा. पण वाढताना नेमकं त्यांच्याच नळीतलं चीज बाहेर आलं. सुनेनं चटकन ॲप्रनच्या खिशातून अवजार काढलं, वाकून चीज आत ढकललं, दाबलं, कड गुळगुळीत केली. भुकेनं कासावीस झालेल्या सासूबाईंनी घास उचलून आ वासला.

"झालं हं, आई," सून पाठ सरळ करत समाधानानं म्हणाली, आणि सवयीनं पुढचंही बोलून गेली,

 

"आता दोन तास काही खायचं नाही."