कापायचं टेबल

शाळेच्या कोटांच्या बाह्या कापून झाल्या आणि बघतात तो काय, सगळ्या डाव्याच!

शिवणखोलीतल्या सगळ्याजणी मशीन सोडून टेबलाभोवती जमल्या. एक बाही आखली की कागदाचा नमुना पालथा घालायचा आणि मग दुसरी आखायची, हे तर नवशिक्यालाही कळतं. आणि चूक कुणाची, तर खुद्द मास्तरची. मास्तर म्हणजे बाईच. पण कापायच्या टेबलाशी जो उभा तो मास्तर, अशी तिथली रीत. तेव्हा तिलाही सगळे मास्तरच म्हणत.

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी नुसतं, घरी काही अडचण आहे का, एवढं विचारलं आणि नव्या कापडासाठी फोन लावायला गेल्या. मास्तरने तिथल्या तिथे ठरवलं, टेबल सोडायचं. पाळी जायला लागल्यापासून रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, भर कामात अंगाची लाही होते, घामाने खडूच्या रेघा पुसल्या जातात, आणि डोक्यात नुसता भुसा. अशा हातात कात्री द्यायची तरी कशाला? पण त्या कात्रीवर तिचा जीव होता, म्हणून तिला रडू आवरेना.

कपडे घालून बघायच्या खोलीत ती पडदा ओढून बसली. पाठोपाठ तिच्या थोरल्या जाऊबाई आल्या. त्या इथेच बटणं लावतात. पूर्वी टेबल त्यांचं होतं. पन्नाशीला त्यांनी ते आपणहून धाकट्या जावेला दिलं. एवढं मोठं मन कुणाचं असतं, असं नात्यागोत्यात अजून बोललं जातं.

मास्तरने पर्समधलं पाकीट काढून दाखवलं. कातडीवर चिकटवायच्या हार्मोनच्या पट्ट्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून दिल्या होत्या. पूर्वी बायकांना या औषधाची सरसकट भीती घातली गेली, तेवढं घाबरायचं कारण नव्हतं. प्रत्येकीला हे चालत नाही, पण तुम्हाला चालेल, मी लक्ष ठेवीन, असं त्यांनी नीट समजावलंही होतं. तरी हिला पाकीट फोडायचा धीर झाला नव्हता. कारण याच जाऊबाईंनी एकेकाळी कसलीशी बातमी ऐकून अशाच गोळ्या केरात टाकल्या होत्या, आणि सगळ्याच बायकांना होतं, सोसायचं असतं, असं हिला ऐकवत आल्या होत्या.

“तुम्ही कसं खुशीने सोडलंत टेबल,” मास्तर म्हणाली, “तसंच आता मीही सोडते.”

जाऊबाई स्टुलावर टेकल्या.

“खुशीने कसलं? माझ्याही हातून कापड वाया जायला लागलं होतं. कुणाच्या लक्षात यायच्या आत तुला बोलावून टेबल दिलं, आणि वर मोठेपणा पदरात पाडून घेतला.”

इतकी वर्षं मास्तर या बाईच्या उपकाराखाली वावरली होती. राग यावा की कीव, तिला कळेना, दोन्ही आलं.

जाऊबाईंनी पाकीट स्वतः फोडलं. चष्मा नाकावर घेऊन आतला कागद अक्षर न् अक्षर वाचला, मास्तरला उभं केलं आणि बेंबीच्या खाली, एका बाजूला पट्टी चिकटवली. ही काही आजच्या आज जादू करायची नाही, असंही बजावलं. तोवर नवं कापड तूच कापायचंस, नमुना पालथा घातलास का बघायला मी शेजारी उभी राहीन, म्हणाल्या. बोलताना तळहाताने पट्टी दाबून धरली होती.

मास्तरने भीतभीत विचारलं, डॉक्टरीणबाईंना तुमच्यासाठीही विचारू का.

“नको गं,” जाऊबाई म्हणाल्या. “आता लागते मला झोप. तेव्हा लागायला हवी होती.”