यंत्राची जाहिरात

बातमीच्या उजव्या अंगाला ते यंत्र पुन्हा आलं. लांबलचक टेबल, त्यावर सरकणारं पातं, खाली एका दमात कापले जाणारे कापडाचे थर. ‘पाच माणसांचं काम, एकच यंत्र.’ कटिंग मास्टरनी जेवणाचा डबा बाजूला सारला. काल हेच यंत्र हवामानाच्या पानावर होतं, परवा खेळाच्या.

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच, तोही काचेच्या केबिनमध्ये. सकाळी त्यावर हिशेबनीस बसे, दुपारनंतर मालकीणबाई. मधल्या सुट्टीत मास्टर त्यावर पेपर वाचत. कापायच्या टेबलावर, मास्टर धरून, माणसं पाचच होती.

“हे माझ्या मागे का लागलंय?” त्यांनी हिशेबनिसाला विचारलं.

हिशेबनीस दात कोरत जवळ आला. “तुमच्या नाही, या डबड्याच्या. कुणीतरी यंत्रवाल्यांच्या साइटवर जाऊन आलंय. साइट आपल्या कॉम्प्युटरमध्ये खुणेची चिठ्ठी ठेवून जाते. कुकी म्हणतात तिला. मग जाहिरातवाले ती खूण ओळखतात आणि जाल तिथे तोच माल पुढे करतात.”

“म्हणजे हेर.”

“हेर कसला, चोंबडा! हेर निदान गप्प तरी बसतो.”

“आणि आपण ठेवू देतो?”

“साइट विचारते ना, मान्य का म्हणून. माणूस घाईत असतो. ‘मान्य’ दाबून मोकळा होतो.”

“मी नाही दाबलं.”

हिशेबनिसाने माउस हातात घेतला आणि गेल्या आठवडाभरात काय काय उघडलं गेलं ते काढून पाहिलं. रोजचं दुपारनंतरचं सगळं कोरं होतं.

“पुसलंय,” तो हळूच म्हणाला. “पण चिठ्ठ्या राहिल्यात. अर्धवट झाडलोट.” मग एकदम काही आठवल्यासारखं करून तो बिलं शोधायला निघून गेला.

मालकीणबाई आत आल्या तेव्हा मास्टर खुर्चीतच होते.

“मॅडम, कापायचं यंत्र घेताय?”

“कुणी सांगितलं?”

“म्हणजे घेताय.”

“छे हो, मास्टर! नेटवर काय, कुणालाही काहीही दाखवतात. मला परवा टकलावरचं तेल दाखवत होते.” त्या हसल्या. मास्टर हसले नाहीत.

“काही असतं तर आधी तुम्हालाच विचारलं नसतं का?” मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

संध्याकाळी मालकीणबाई गिऱ्हाइकाकडे गेलेल्या असताना मास्टर केबिनमध्ये शिरले. एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं, ‘कामगार वकील’. एक पान उघडलं, दुसरं उघडलं. मग ‘कामावरून काढल्यास भरपाई’. प्रत्येक पानाने मान्य का म्हणून विचारलं. मास्टरनी एकालाही नाही म्हटलं नाही. उठताना पुसलं मात्र काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काचेआड मालकीणबाई पडद्यासमोर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी पान बदललं. पुन्हा बदललं. चष्मा काढून पुसला आणि आणखी एकदा बदललं. मग त्यांनी मान वर करून कापायच्या टेबलाकडे पाहिलं. मास्टर खाली मान घालून कापडाच्या कडा जुळवत होते.

केबिनचं दार उघडलं. मालकीणबाई स्वतःची खुर्ची दोन्ही हातांनी उचलून आणत होत्या. कापायच्या टेबलापाशी आजवर कधी खुर्ची आली नव्हती. ते काम उभ्यानेच व्हायचं.

“बसा ना, मास्टर,” त्या म्हणाल्या. “जरा बोलायचं होतं.”

बाकी चौघांच्या कात्र्या थांबल्या. मास्टरनी खुर्चीकडे पाहिलं, मग मालकीणबाईंकडे.

“अजून चार लागतील, मॅडम.”