गुड्डीची वेणी

तेराव्यानंतर राजेश्वरीनं कपाटातून आईचा बंद पडलेला फोन काढून चार्ज केला. त्यातल्या घरसंसाराच्या खेळात आईनं एक मुलगी वाढवली होती, गुड्डी. खेळ फुकटचा, पण पैसे भरले नाहीत की गुड्डी उपाशी बसून रडायची, आणि आईला ते बघवायचं नाही.

“तिला पैसे भरून पैठणी घेतली,” राजेश्वरी भावाला म्हणाली. “मी मागितली, तर म्हणाली, तुला तुझ्या घरी काय कमी?”

“खेळातली पोर हाय ती, अक्का. तिच्यावर काय जळतीस?” इंद्रजित कळंबच्या बाजाराला निघता निघता म्हणाला.

पंधरा दिवसांची उपाशी गुड्डी बघायलाच तिनं खेळ उघडला.

गुड्डीपुढं अर्धी खाल्लेली भाकरी होती. वेणी नुकतीच घातलेली. भांग किंचित डावीकडं कललेला, एका डोळ्यानं दिसेनासं झाल्यापासून आई पाडायची तसा.

राजेश्वरीनं फोन उशीला टेकवला. त्याच्याकडं पाठ करून, लहानपणी आईपुढं बसायची तशी, केस मोकळे सोडून बसून राहिली.

कितीतरी वेळानं फोन वाजला. पडद्यावर गुड्डीच्या तोंडून शब्द उमटले होते.

“आई म्हणती, तुला तुझ्या घरी काय कमी?”