कावळा शिवेपर्यंत

"आणि याच पावसाळी अधिवेशनात," आमदार आप्पासाहेब माईकवर म्हणाले, "आपल्या महापालिकेत समाविष्ट गावांच्या पाण्यासाठी मी लक्षवेधी सूचना मांडली!"

घाटाच्या पायरीवर उतरलेले दोन कावळे दचकून उडाले आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसले.

हेमाने डोळे मिटून घेतले. तिच्या वडिलांचा, दत्तोबांचा, आज दहावा होता. मुठेच्या काठावर पिंड मांडून झाले होते. त्यांचे धाकटे भाऊ गेनबाकाका ओल्या धोतरात हात जोडून कावळ्याची वाट बघत उभे होते. हेमाची आई मथुराबाई मांडवाच्या कडेला बायकांच्या घोळक्यात पदर ओढून, मान खाली घालून बसल्या होत्या. आणि आमदार श्रद्धांजलीच्या नावाखाली अधिवेशनाचा अहवाल देत होते. दत्तोबा एका वाक्यात आटोपले. मग एक विधेयक आलं, ते दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झालं. आता पुरवणी मागण्या चालू होत्या.

हेमा पुढे बसलेल्या कार्यकर्त्याकडे गेली. "अहो, जरा आवरतं घ्यायला सांगता का?"

"ताई, असं मधेच कसं थांबवणार? अजून दोन विधेयकं राहिलीत."

कावळा शिवत नव्हता. मागे कुजबुज सुरू झाली. "म्हाताऱ्याचं कायतरी राहिलंय."

काय राहिलंय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. खडकवासल्याचं पाणी गावात यावं म्हणून दत्तोबांनी आपल्या वावरातून पाइप नेऊ दिला होता. पाइप टाकून झाला, घरोघर नळ बसले, चाचणीही झाली. पण वेशीजवळचा व्हॉल्व्ह बंदच राहिला. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. दत्तोबा रोज सकाळी नळ फिरवून बघत, तो कोरडाच असे, मग हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहत. गेले त्या सकाळीही त्यांनी नळ फिरवून बघितला होता.

आप्पासाहेब पाणी प्यायला थांबले. कावळे बाभळीवरून खाली आले, पिंडाकडे चालू लागले. आप्पासाहेबांनी पेला ठेवला, कर्णा गरजला, कावळे उडाले. हेमाने हे आता दुसऱ्यांदा नीट बघितलं. वडिलांचा जीव कशात अडकला होता ते ती सांगू शकत नव्हती. पण कर्ण्याचं तोंड थेट त्या बाभळीकडे होतं, एवढं मात्र नक्की.

ती वैतागून आईच्या शेजारून मांडवाच्या मागे गेली. स्पीकरवाला चहाला गेला होता. तिने खाली वाकून बोर्डातली स्पीकरची पिन धरली.

तेवढ्यात गेनबाकाकांचा आवाज आला. "सायेब, दादा तुमच्यापाशीच अडलाय. शबुद द्या त्याला. त्याबिगर न्हाई शिवायचा."

आप्पासाहेब क्षणभर गडबडले. मग नदीकडे वळून त्यांनी हात जोडले. "दत्तोबा, काळजी नसावी. पाणी लवकरात लवकर सुरू करू!"

कर्णा घुमला. कावळे बाभळीवरच राहिले.

"लवकरात लवकर ऐकतच गेला की त्यो," एक म्हातारी म्हणाली. कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

हेमाचा हात पिनेवर होता. तिने तो तसाच ठेवला. ओढली नाही.

"पुढच्या महिन्यात!" आप्पासाहेबांचा आवाज चढला. "मंत्रिमहोदयांची तारीख मी स्वतः घेतो!"

कावळे हलले नाहीत. सगळं गाव आधी बाभळीकडे बघत होतं, मग आमदारांकडे, मग पुन्हा बाभळीकडे. निवडणूक तोंडावर होती. आप्पासाहेबांनी मानेवरचा घाम पुसला. सभागृहात त्यांना इतकं कोणी अडवलं नव्हतं.

"तारखेला भुलायचा न्हाई दादा," गेनबाकाका शांतपणे म्हणाले.

आप्पासाहेबांनी पुढच्या खुर्चीत बसलेल्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे बघितलं. माईक तोंडासमोरच होता, त्यामुळे पुढचं बोलणं नदीपलीकडेही ऐकू गेलं.

"इंजिनिअर साहेब, व्हॉल्व्हची चावी कुठाय?"

"गाडीत आहे, साहेब. पण उद्घाटन..."

"उद्घाटन गेलं खड्ड्यात! आत्ता जा. उघडून या."

इंजिनिअर धावले. जीप सुरू झाली. हेमा मांडवाच्या कनातीच्या फटीतून बघत राहिली. जीप वळली, घाट चढली आणि वेशीच्या रस्त्याला लागली.

आप्पासाहेबांनी सुस्कारा सोडला. कर्ण्यातून तोही मोठा ऐकू आला. "तर मंडळी, उरलेल्या दोन विधेयकांबद्दल थोडक्यात..."

हेमाने पिन ओढली.

घाट एकदम शांत झाला. इतका वेळ नदी वाहत होती हे आता कळलं. एक कावळा पायरीवर उतरला, मान तिरकी करून त्याने इकडेतिकडे बघितलं, चार पावलं चालला आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला! शिवला!" गेनबाकाका रडू लागले. माणसांनी हात जोडले. आप्पासाहेबही डोळे पुसत होते आणि बंद पडलेल्या माईकमध्ये "दत्तोबा अमर रहे" म्हणत होते.

दुपारी घरातला नळ खोकला. आधी नुसती हवा आली, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. मथुराबाईंनी तांब्या धुऊन भरला आणि दत्तोबांच्या फोटोपुढे ठेवला. हेमा दाराशी उभी होती. आईच्या श्रद्धेशी आपण खेळलो, असं तिला घाटावरून आल्यापासून वाटत होतं. सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं.

मथुराबाईंनी फोटोवरची नजर काढली नाही.

"'पुढच्या म्हैन्यात' म्हणला, तवा पिन वढली न्हाईस," त्या म्हणाल्या, "ब्येस केलंस."