आधी लेझीम

गणपतीच्या तयारीसाठी लखनौच्या मराठी मंडळाची ऑनलाइन मीटिंग भरली, तशी कांचनने फर्मान काढलं, "बसून गप्पा नंतर. आधी सगळ्यांनी उभं राहून लेझीम! मोबाइल लांब ठेवा, पाय दिसले पाहिजेत."

"अगं कांचन, ये क्या नया तमाशा?" श्रीपादकाका करवादले.

पण हलगी वाजली आणि एकेका चौकटीत मंडळी रिकाम्या हातांनीच नाचू लागली.

कांचनची नजर मात्र एकाच चौकटीवर खिळली होती. सीमेवर जखमी झाल्यापासून व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा दाखवून "किरकोळ लागलंय गं" म्हणणारा तिचा नवरा, निनाद, हॉस्पिटलच्या कॉटवरून उठला आणि भिंतीला धरून दोन पावलं नाचला. कांचनचा जीव भांड्यात पडला.

निनाद हसला. "दिसले ना दोन्ही?"