पहिल्या उद्गाराआधी

चर्चमध्ये उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना सुरू झाली, तरी मी बाळाचं टोपडं गालावर ओढतच होते. सकाळी त्याचं रडणं थांबेना, तेव्हा मी त्याला चापट मारली होती. आठ महिन्यांच्या लेकराला. बोटं अजून उमटलेली होती.

ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर आमच्यातले सात जण बोलणार होते. पहिला माझ्याकडे होता: मारणाऱ्यांना क्षमा कर, आपण काय करतोय हे त्यांना कळत नाही.

शेजारच्या एस्तेरमावशींनी टोपडं सरकवून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, तुम्हीच बोला. मला कळत होतं मी काय करतेय."

"कळत असतं तर हात उचलला असतास? माझ्या थोरल्याच्या पाठीवर मी लाटणं मोडलंय, बाई. मी दरवर्षी इथं हौसेनं येते होय?" त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. "ख्रिस्तानं स्वतः मार खाल्लाय. लेकराचं दुखणं त्याला कळतं, आणि तुझंही. जा."

मी वेदीसमोर जाऊन उभी राहिले.

"आज सकाळी मी माझ्या बाळाला मारलं," मी म्हणाले.

त्यानंतरच मला ख्रिस्ताविषयी बोलता आलं.